रेडिएटरमधला बुडबुडा

मंठा, शनिवार

प्रिय कौसल्ये,

अखिल मंठानगरीच्या यंत्रवैद्यकातील ज्येष्ठ धन्वंतरी, म्हणजे तुझा बाप, कुशल आहे. तुझी आईही कुशल आहे, परंतु तिने माझ्याशी अबोला धरला आहे. कारण यथावकाश येईल. फोन केला असता, पण तुमच्याकडे त्या यंत्राशेजारी तुझे सासरे द्वारपालासारखे विराजमान असतात. म्हणून हे पत्र नंदाबाई कासारणीच्या टोपलीत, बांगड्यांखाली घालून धाडतो आहे. सातव्या महिन्याचा हिरवा चुडा भरून घे आणि पत्र एकटी असताना वाच.

गेल्या आठवड्यात आमचे जामात श्रीमंत भुजंगराव जीपसह येथे अवतीर्ण झाले, हे तू जाणतेसच. इंजिन तापून हेड, म्हणजे सिलिंडरांवरचे शिरस्त्राण, वाकले होते. ते त्यांनी कुठल्याशा लेथवर दोनदा घासून सपाट करून आणले होते. सपाट इतके झाले, की पिस्टन वर येताच व्हॉल्व्हच्या टाळक्यावर टकटक करू लागला. दोघांमध्ये केसभर अवकाश लागतो, तोच घासला गेला होता. शास्त्रोक्त उपाय म्हणजे नवे हेड, आणि ते औरंगाबादहून येण्यास अवधी होता. भुजंगराव म्हणाले, "मामा, तुमच्याकडं काही ना काही जुगाड असंलच की." जामात हा दशम ग्रह, त्याच्यासमोर 'नाही' हा शब्द उच्चारण्याची अनुज्ञा सासऱ्याच्या जिव्हेस नसते. मी 'पाहतो' म्हणालो.

हल्लीच्या इंजिनात हेडखाली जे गॅस्केट असते, ते पातळ पोलादी पत्र्यांचे थर रिबेटांनी जोडून केलेले असते. मी दोन गॅस्केटे घेतली. एकाची रिबेटे ड्रिलने उडवून मधला सपाट पत्रा सोडवला, दुसऱ्याच्या पोटात घातला आणि सगळे पुन्हा जोडले. थर वाढला, हेड केसभर उचलले गेले, टकटक शमली. पण कारखान्याने जे थर एकमेकांसाठी घडवले, त्यांच्या पंक्तीत हा आगंतुक पाहुणा मांडी घालून बसला की नुसताच टेकला, हे गाडीने तापून, ओझे ओढून दाखवल्याखेरीज कळत नाही.

मी इंजिन चालू ठेवून रेडिएटरचे झाकण उघडले. पाण्यात एक बुडबुडा आला. अडकलेली हवा असेल, म्हटले. काही वेळाने दुसरा आला. अडकलेली हवा कधीतरी संपते. सिलिंडरातला जाळच थरांतून वाट काढत असला, तर बुडबुडे संपत नाहीत. मला तिसऱ्याची वाट पाहायची होती. तोच भुजंगरावांनी झाकण लावले. "मामा, उद्या अंगारकी हाय. आमच्या राजूरला गणपतीच्या गर्दीनं पाय ठेवायला जागा न्हाई ऱ्हात. तुमची तपासणी मंग करू." मी म्हणालो, बुडबुडा हा यमराजाचा भालदार असतो. ते पोट धरून हसले, नारळ फोडला आणि निघाले. परवा फोनवर पुन्हा सांगितले, तर पुन्हा हसले. जन्मभर प्रत्येक वाक्याला जरीची झालर लावल्याचे हे फळ. मी घाबरून बोललो तरी लोक टाळीसाठी हात पुढे करतात.

तुझी आई मात्र हसली नाही. "बुडबुडा दिसला अन् गाडी जाऊ दिली? तुमचं संस्कृत ऱ्हाऊ द्या, पोरीला आणा." त्यानंतर अबोला.

तेव्हापासून तो न पाहिलेला तिसरा बुडबुडा मला सर्वत्र दिसतो. तांब्यात, चहात, उकळत्या डाळीत. तुझे सासरे म्हणाले होते, "घरी जीप हाय, मंग बाळंतपणाला माहेर कशाला? कळा आल्या की जालना कितीसं लांब." तेव्हा मी मान डोलावली होती. आता डोळे मिटले की राजूर-जालना रस्ता दिसतो. उष्णतेचा काटा वर चढतो, बॉनेटमधून वाफ येते आणि गाडी अशा जागी थांबते जिथे वस्ती नाही. मागच्या सीटवर तू असतेस.

वाटूर फाट्याची कथा तुला मुखोद्गत आहे. ट्रक तापून थांबला, आत तुझी आई वेणा देत होती, मी घागर घेऊन विहिरीकडे धावलो, परतताना म्हशीने अर्धी घागर प्राशन केली, आणि मी पोचलो तो तू ट्रकच्या हॉर्नहून मोठ्याने रडत होतीस. तू दरवेळी हसायचीस आणि विचारायचीस, आई ही गोष्ट ऐकताना उठून आत का जाते.

बाळा, ट्रक, घागर, म्हैस, सगळे खरे आहे. पण ते तुझ्या जन्माच्या दोन वर्षे आधीचे आहे. तो मुलगा होता. मी पाणी घेऊन पोचलो तेव्हा आत कोणी रडत नव्हते. तुझ्या वेळी आम्ही महिनाभर आधीच जालन्याला दवाखान्याशेजारी खोली घेऊन राहिलो. शेत सोडून मी पाना हाती धरला तोही त्या ट्रकनंतरच; लोक ती माझी हौस समजतात.

सोमवारी तुझी आई ओटी घेऊन एसटीने येते आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, आमच्यात असंच असतं, एवढंच ती सासऱ्यांना सांगेल. तू तिच्याबरोबर एसटीनेच ये. भुजंगराव जीपने सोडतो म्हणतील, मायेने म्हणतील. जीपमध्ये मळमळतं म्हण. तोवर रोज सकाळी इंजिन गार असताना त्यांना पाणी पाहायला लाव; कमी झालं असेल तर जीप अंगणाबाहेर जाऊ देऊ नकोस, रुसून बस, काहीही कर. माझं ते ऐकत नाहीत, तुझं ऐकतील. तू इथं आलीस की तुला पाहायला तेही येतील, जीप घेऊन. नवं हेड काल आलं आहे. जीप दारात उभी राहिली की मी चावी काढून घेईन आणि जावयाला 'नाही' म्हणेन. या शेवटच्या ओळी मी तुझ्या आईला वाचून दाखवल्या. ती म्हणाली, आता बरोबर लिहिलं. ये.

तुझाच,
अप्पा