होडीचं बूच

हरेशदादा,

आज ओहोटीला, तोंडात श्वासाची नळी धरून, आपल्या बुडालेल्या होडीपर्यंत पोहत गेलो. गढूळ पाण्यात काही दिसत नव्हतं, म्हणून गाळ बाजूला करत हातांनी चाचपलं. तळाच्या भोकातलं बूच जागेवर घट्ट बसलेलं आहे.

ते लावायचं काम माझं होतं. बाबा होडीसकट बुडाले तेव्हा, मी ते लावलं होतं की नाही, मला आठवेना. मला वाचवायला तू सगळ्यांना सांगितलंस, "मी विसरलो," आणि अर्नाळा सोडलंस. सात वर्षं मी गप्प राहिलो.

किनाऱ्यावर आई उभी होती.

"काय गावला रं खाली? हरेशचा पाप?"

"काय नाय, आये. नुसतं पानी."

तुझा पत्ता मामाकडे आहे. मी अजून मागितलेला नाही.

तुझा धाकटा,
सुरज