मागच्या ब्रेकचा आवाज

महाबळेश्वर, १२ डिसेंबर १९७४

पसरणी घाट चढल्यापासून दिनकरच्या फटफटीचा मागचा ब्रेक ओरडतोय. भोसरीत लेथवर इतकी वर्षं काढली, लोखंडाला लोखंड घासायला लागलं की मला दुसरं काही ऐकूच येत नाही. ब्रेकशू पार संपलेत. आणि उद्या आंबेनळी घाट उतरायचाय. मी मागे बसून!

दिनकरला सांगायचं कसं? मित्र खराच, पण माझ्या वर्कशॉपचा माल, म्हणजे यंत्रांत बसणारे बुश, कंपनीत पास करणारा साहेबही तोच. त्यातून ब्रेक त्याने स्वतःच्या हाताने बसवलेत, सगळ्यांना सांगत सुटलाय.

शेवटी संध्याकाळी चहा घेताना हसत हसत म्हटलं, "राव, सकाळी गाडी मेकॅनिकला दाखवू. मागचा ब्रेक ओरडतोय."

तो हसला नाही. "तुझे बुश मापात नसतात, तेव्हा मी ओरडतो का रे?"

चुकलेला माल तो सांभाळून घेतो, पण आजवर त्याने हे कधी काढलं नव्हतं. आज काढलं, म्हणजे पुन्हाही काढणार. कानात तो आवाज चालूच आहे.

"मग सहाला निघू," म्हणाला.

मी मान डोलावली. वर माझ्याच तोंडाने म्हणालो, "तू चालवत असल्यावर कसली भीती!"