दोन्ही सीलं उलटी

दौंड, ८ जून २०२५

चि. दीक्षा हिस अनेक आशीर्वाद व जय भीम.

ड्युटीवर असताना फोन करू नका म्हणालीस, आणि तुझी ड्युटी संपते कधी ते आम्हाला कळत न्हाई, म्हणून हे पत्र. पोस्टाला तेवढंच काम.

जयंतीच्या दिवशी तू जेवण अर्धवट टाकून शिरूरला गेलीस, तेव्हा तुझं दांड्याचं कॉफी मशीन इथंच राहिलं. त्याचा दांडा आता जाम झालाय. खाली ओढला की गंजलेल्या फाटकासारखा आवाज. मी शेंगदाण्याचं तेल सोडलं. तुझी आई म्हणते, कॉफीला भज्यांचा वास येतोय. एवढं महागाचं यंत्र, पण घरातलं तेल चालत न्हाई त्याला. मालकिणीवर गेलंय.

काय करायचं ते कळव. स्वतः येऊन बघितलंस तर मशीनला बरं वाटेल. मला काही फरक पडत न्हाई.

तुझे पप्पा


शिरूर, १३ जून २०२५

ती. पप्पांना सविनय जय भीम, वि. वि.

शेंगदाण्याच्या तेलाबद्दल अभिनंदन. पुढच्या वेळी लसणाची फोडणीही देऊन बघा.

मशीन बंद करून पूर्ण गार होऊ द्या. वाफेची तोटी उघडून आतला दाब गेला आहे याची खात्री करा, नाहीतर दांडा उसळून हनुवटीवर बसतो. मग पिस्टन बाहेर काढा. त्यावर दोन रबरी सीलं आहेत. ती कोमट पाण्यात, भांड्यांच्या साबणाने धुवा. जाळीत अडकलेली पूड ब्रशने काढा. सगळं कोरडं झालं की सोबत पाठवलेलं सिलिकॉन ग्रीस बोटाने लावा, नुसती चमक येईल इतकंच. हे खाण्यापिण्याच्या यंत्रांसाठीचं आहे. तुमच्या डब्यातलं काळं ग्रीस लावू नका. बसवताना वरच्या सीलची कड वर हवी, खालच्याची खाली.

मला यायला जमणार नाही. तुम्ही जयंतीला शेजारच्या सर्जेरावकाकांना सगळ्यांसमोर सांगितलंत त्याप्रमाणे, रेल्वेची परीक्षा सोडून मी खाजगी कंपनीत नट आवळते. नट पुष्कळ आहेत.

लोभ राहू द्या, तेल पुसून टाका.

दीक्षा


दौंड, २२ जून २०२५

चि. दीक्षा हिस आशीर्वाद व जय भीम.

ग्रीस मिळालं. ट्यूब बघून आधी वाटलं, सर्दीचं मलम पाठवलंस. तू लिहिलंस तसं सगळं केलं. दांडा आता लोण्यासारखा चालतोय, फक्त कॉफी कपात पडायच्या ऐवजी वरून येते. माझा पांढरा शर्ट गेला, जयंतीचा. आई म्हणाली, शोभतोय.

नीट बघितलं तर दोन्ही सीलांच्या कडा एकमेकींकडे तोंड करून बसल्यात. म्हंजी त्या तरी एकमेकींचं तोंड बघतात.

आणखी एक. आटा सोडताना डावीकडं फिरवायचा का उजवीकडं? पत्रात नीट कळत न्हाई. समक्ष दाखवलंस तर बरं.

तुझे पप्पा


शिरूर, २८ जून २०२५

ती. पप्पांना सविनय जय भीम.

पत्र दोनदा वाचलं. निवृत्त होईपर्यंत तुम्ही रेल्वेत फिटर होतात, इंजिनांचे पिस्टन बसवत होतात. आटा कुठल्या बाजूला सुटतो हे मी बाराखडीच्या आधी तुमच्याकडून शिकले. एक सील उलटं बसणं ही चूक असते. दोन्ही उलटी बसणं, तेही इतकी व्यवस्थित, ही कारागिरी आहे.

आईला फोन करून कॉफी कशी होते ते विचारलं. छान होते म्हणाली, आणि लगेच कुकरची शिट्टी झाली म्हणून फोन ठेवला. दुपारी चारला आपल्याकडे कुकर लागत नाही.

माझ्याकडच्या सूचना संपल्या. तक्रार आल्याशिवाय आमच्याकडून माणूस जात नाही. खरा बिघाड काय आहे ते कळवावं. माया असू द्या, नाटक आवरा.

दीक्षा


दौंड, ५ जुलै २०२५

चि. दीक्षा हिस जय भीम.

मशीन ठणठणीत हाय. आईला पोटात गोष्ट ठेवता येत न्हाई.

काल सर्जेराव कॉफीला आले. मी दांड्याला लाल झेंडी बांधून ठेवलेली. शेडमध्ये काम चाललेल्या इंजिनाला बांधतात तशी. ज्यानं काम हातात घेतलं, त्यानंच ती सोडायची; दुसरा कितीही मोठा साहेब असला तरी हात लावत न्हाई. सर्जेरावांनी विचारलं, काम कुणाचं? मी सांगितलं, दीक्षाचं. रांजणगावच्या कारखान्यात मेंटेनन्स इंजिनिअर हाय ती, तिनं थांब म्हटलं की अख्खी लाइन थांबते. ते म्हणाले, जयंतीला तर तुम्ही नट आवळते म्हणत होता. मी म्हणालो, तवा माहिती अपुरी होती.

बिचारे बिनकॉफीचे गेले. झेंडी तशीच हाय. आई चहा पितेय आन् माझ्याकडं बघतेय.

तुझे पप्पा


शिरूर, ९ जुलै २०२५

ती. पप्पांना सविनय जय भीम.

पत्र पोचलं. ‘माहिती अपुरी होती’ असं आमचे साहेबही म्हणतात. त्याचा अर्थ मला कळतो.

तक्रार नोंदवली आहे. रविवारी सकाळच्या एसटीने येते. कॉफीची पूड मी आणते, तुम्ही दुसरा शर्ट घाला. सर्जेरावकाकांनाही बोलवा.

झेंडीला हात लावू नका. काम माझं आहे.

दीक्षा