हात वर केला की थांबायचं

४ जून

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्र पाहून दचकू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस आणि मी तुला सुरू करू देत नाही, असं तुझ्या काकूचं म्हणणं. म्हणून कागद घेतला. तो मध्ये बोलत नाही.

परवा काउंटरवरच्या बाईंचा फोन आला होता. रडत होत्या. माझा पट्टशिष्य दवाखाना सोडून गेला म्हणे. हा शब्द तू त्याला चिडवायला वापरतेस, मी अभिमानाने वापरतो. त्याला मी हाताला धरून घडवला, अर्धा वेटिंग हॉल त्याच्या नावाने भरतो. तो मावशींपायी गेला आणि तू खुर्चीतून उठलीसुद्धा नाहीस. मावशी चांगल्या आहेत, पण त्या मदतनीस आहेत. दात काढणाऱ्याला आणि ट्रे धरणाऱ्याला एका मापाने मोजलंस तर उद्या तुझं कोण ऐकेल?

या सगळ्याचं मूळ ती तुझी पाटी. रुग्णाने हात वर केला की डॉक्टर थांबणार! अगं, दुखलं तर हात वर करा हे आम्ही सगळेच सांगत आलो. तो धीर द्यायचा प्रकार असतो. हात वर झाला की झालंच, एक मिनिट, असं म्हणायचं आणि काम उरकायचं. एका मिनिटाचं दुखणं थांबत थांबत पंधरा मिनिटं लांबवलंस तर ती दया नव्हे. घाबरलेल्या माणसाला विचारत बसलं तर तो जन्मात दाढ काढू देणार नाही.

मी निवृत्त होताना दवाखाना तुझ्या हाती दिला तो पुतणी म्हणून नाही, तुझा हात हलका म्हणून. पण हात हलका असणं वेगळं आणि चार माणसं चालवणं वेगळं. माझ्या खोलीत माझं एकट्याचं तोंड चालायचं, बाकीची नुसती उघडी असायची. कधी काही अडलं नाही. उद्याच त्याच्याकडे जा आणि त्याला परत आण.

ऐकशील अशी आशा नाही, तरी माया आहे ती आहेच.

तुझा,
काका

९ जून

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. काउंटरवरच्या बाई रडल्या हे खरं, पण त्या प्रिंटर अडकला तरी रडतात, तेव्हा ते फार मनावर घेऊ नका.

आता झालं काय ते माझ्याकडून ऐका. मधल्या खोलीत तुमचे पट्टशिष्य एका शिक्षिकाबाईंच्या खालच्या दाढेचं रूट कॅनाल करत होते. बाईंनी हात वर केला. ते म्हणाले, झालंच. बाईंनी पुन्हा केला. ते पुन्हा म्हणाले, झालंच. अशा वेळी मावशींचं काम काय असायचं हे तुम्हाला मी सांगायला नको. तो हात हळूच धरायचा, थोपटायचा आणि खाली दाबायचा. तुम्हीच शिकवलेलं. त्यांनी या वेळी तो दाबला नाही. स्वतःचा हात वर केला.

तुमच्या शिष्यांना वाटलं, मावशींना काहीतरी विचारायचंय. मग लक्षात आलं तेव्हा त्यांनी रुग्णासमोरच विचारलं की इथे डॉक्टर कोण आहे, आणि मावशींना बाहेर जायला सांगितलं. मावशी गेल्या नाहीत. हात वर करून तशाच उभ्या राहिल्या, शाळेत शिक्षा झाल्यासारख्या. पण काका, चेहरा शिक्षा झालेल्याचा नव्हता. मी आवाज ऐकून दारात आले होते, मी पाहिला.

नंतर ते माझ्या खोलीत येऊन म्हणाले की एक तर मावशी राहतील नाहीतर मी. मी त्यांना बसायला सांगितलं. पाणी दिलं. एकच विचारलं, की पुढच्या वेळी हात वर झाला तर थांबाल का? ते म्हणाले, काकांनी मला असं शिकवलेलं नाही. मग मी उठले नाही, हे खरं आहे. कशाला उठायचं?

हो, कामाला उशीर होतो. वेटिंग हॉलमध्ये लोक घड्याळाकडे आणि मग माझ्याकडे बघतात. एक गृहस्थ तर नुसता आरसा तोंडात घातला तरी हात वर करतात. मी थांबते. त्यांना तपासून बघायचं असतं, की ही बाई खरंच थांबते का. त्यांची खात्री पटली की ते हात खाली ठेवतात आणि मग त्यांच्याइतका शांत माणूस सापडत नाही. तुम्ही म्हणता विचारलं तर कोणी दाढ काढू देणार नाही. देतात, काका. मी काढतेय.

माणसं चालवणं वेगळं, हे तुमचं म्हणणं मला पटलं. म्हणूनच मी तुमच्या शिष्यांना जाऊ दिलं. मी पाटी लावायची आणि माझ्याच दवाखान्यात ती पाळणाऱ्या बाईला बाहेर काढायचं, तर दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कळून चुकेल की इथली पाटी शोभेची आहे. मी त्यांना परत बोलावणार नाही.

काकूंना शि. सा. न. तुमचा रागही मला हवा आहे, पण त्यासोबत थोडं प्रेमही पाठवत जा.

तुमची,
भिंगरी

१५ जून

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र दोनदा वाचलं. भाषा छान आहे. दवाखाना भाषेवर चालत नाही.

माझ्या कानावर आलं आहे की त्याने तुझ्याच रस्त्यावर, चपलांच्या दुकानाच्या वर, स्वतःचा दवाखाना थाटला. आपले जुने लोक जिना चढून तिकडे जाताहेत. तुझ्या डोळ्यांदेखत माझं आयुष्यभराचं काम त्या जिन्यावरून वर चाललं आहे आणि तू पाटी पुसत बसली आहेस.

तेव्हा स्पष्ट लिहितो. जागा अजून माझ्या नावावर आहे. ती तुझ्या नावावर करायचं ठरलं होतं. ते मी थांबवतो. या महिनाअखेरपर्यंत पाटी उतरव, मावशींना काउंटरला बसव आणि त्याला सन्मानाने परत आण. नाहीतर जागा त्याला देईन. निदान माझी पद्धत तरी त्या खोल्यांत राहील.

तुझ्यावर राग नाही. तुझ्या हट्टावर आहे. तुझे वडील गेल्यापासून तुला मीच वाढवलं, त्यामुळे हा हट्ट कुठून आला तेही मला ठाऊक आहे. म्हणून जास्त राग येतो.

काका

१९ जून

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

पाटी उतरवणार नाही.

हे पहिल्या ओळीत लिहिलं, कारण तुम्ही पत्रं शेवटपासून वाचता आणि मधलं गाळता असं काकू सांगतात. आज निदान सुरुवात तरी वाचा.

जागा तुमची आहे, खुशाल द्या. खुर्च्या मी विकत घेतल्या आहेत, त्या उचलून नेईन. मैत्रिणीचं गॅरेज रिकामं आहे. तिथे नळ आहे, वीज आहे आणि दार पुरेसं रुंद आहे, मी मोजून आले. छताला एका कोपऱ्यात ओल आहे, तिथे काउंटर ठेवू, म्हणजे रडायला निमित्त मिळेल.

काल सगळ्यांना एकत्र बसवलं. जे होऊ शकतं ते त्यांच्यापासून लपवायचं नाही असं ठरवलं होतं. जागा जाऊ शकते, गॅरेजमध्ये जावं लागेल, ज्यांना दुसरीकडे जायचं असेल त्यांनी मोकळ्या मनाने जावं, असं सांगितलं. मग एक्स-रे काढणाऱ्या मुलीने विचारलं की गॅरेजमध्ये पाटी लावायला खिळे ठोकता येतील का. काउंटरवरच्या बाई रडल्याच, पण जाणार नाही म्हणाल्या. मावशींनी उठून पाटी खाली काढली, पुसली आणि परत लावली.

काका, भीती वाटते. लोक खरंच जिना चढताहेत, मला खिडकीतून दिसतात. ज्या दवाखान्याच्या बाकावर बसून मी शाळेचा अभ्यास केला तो जाईल, हे मनातून जात नाही. पण खुर्चीत बसलेल्या माणसाला तोंड उघडं असल्यामुळे बोलता येत नाही. त्याच्याकडे एक हातच उरतो. तोही आपण धरून ठेवायचा? मला नाही जमणार. जागेसाठी नाही आणि तुमच्यासाठीही नाही.

हे वाचून दातओठ खाऊ नका. दातांना चांगलं नसतं, तुम्हीच सांगायचात.

हट्टी पण तुमचीच,
भिंगरी

२ जुलै

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

हे पत्र तुझ्या काकांना न सांगता लिहिते आहे. ते आत गालावर गरम पिशवी धरून पडलेत आणि काही झालं नाही असं भिंतीला सांगताहेत.

महिना संपला तरी त्यांनी कागदांना हात लावला नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेलच. कारण ऐक. खालची दाढ त्यांना कधीची छळत होती. तुझ्याकडे जा म्हटलं तर नाकावर माशी बसू देईनात. मग शिष्याचा नवा दवाखाना बघायला जातो म्हणाले आणि मला घेऊन निघाले. तुझ्या दारावरून गेलो, बाई! त्यांनी मान वळवली नाही, मी वळवली. पाटी दिसली.

त्याने खूप मान दिला, मलाही आतच स्टुलावर बसवलं. आता गंमत बघ. लग्न झाल्यापासून मी यांचे जेवणाचे डबे दवाखान्यात पोचवले, पण यांच्या खोलीचं दार बंदच असायचं. आतलं काम मी कधी पाहिलंच नव्हतं. ते मी परवा पाहिलं, तेही यांच्याच तोंडात.

भूल नीट लागली नव्हती असं वाटतं. थोड्या वेळाने यांचा डावा हात वर गेला. तो मुलगा म्हणाला, झालंच काका, एक मिनिट. आवाजसुद्धा अगदी यांच्यासारखा. हात पुन्हा गेला. तेव्हा तिथल्या मदतनीस मुलीने तो अलगद धरला, थोपटला आणि खाली दाबून ठेवला. गोड हसत होती, तिला काय दोष द्यायचा. यांनी मान वळवून त्या हाताकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं. दुखण्याचं असेल. इतक्या वर्षांच्या संसारात मी या माणसाला कशासाठी थांबलेलं पाहिलं नव्हतं आणि कोणी थांबवलेलंही नाही. मला तो हात सोडवून घ्यावासा वाटला, पण मी जागची हलले नाही. याचा मला अजून राग येतो आहे, माझाच.

दाढेवर तात्पुरतं सिमेंट भरून आठवड्याने बोलावलं आहे. हे जाणार नाहीत. तुझ्याकडे येतो असंही म्हणणार नाहीत. घोडं तिथे अडलंय. पुढचं तू बघ. मी सांगितलं हे सांगायचं असेल तर खुशाल सांग, मीही आता कोणाला भीत नाही.

तुझी वाट पाहणारी,
काकू

५ जुलै

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

काकूंनी मला सगळं कळवलं आहे. त्यांना रागावायचं नाही.

बघा, मी म्हटलं नव्हतं का, असं लिहायला बसले होते. दोन कागद फाडले. तुमचा हात कोणीतरी दाबून ठेवला, हे डोळ्यांसमोर आलं की मला जिंकल्यासारखं वाटत नाही. मला त्या जिन्यावरून धडधडत वर जावंसं वाटतं.

दाढ अर्धी ठेवू नका, आत पू झाला तर जड जाईल. माझ्याकडे या. पण तुमच्यासाठी मागचं दार उघडणार नाही आणि बंद वेळेत बघणार नाही. सगळ्यांसारखं बाकावर बसायचं, नंबर आला की आत यायचं. मावशीच माझ्यासोबत असतील. पाटी जागेवरच आहे. आणि जागेचा विषय खुर्चीत काढायचा नाही. तसाही काढता येणार नाही, तोंडात कापूस असेल. दाढ बरी करून मी जागा मागते आहे असं मनात आणलंत तर दुसरी दाढही काढीन.

मंगळवारी सकाळची वेळ लिहून ठेवली आहे. हात वर करायला लाजू नका.

तुमची,
भिंगरी

१६ जुलै

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

दाढ शांत आहे. दोन्ही बाजूंनी जेवतो. काकू म्हणते, दोन्ही बाजूंनी बोलतोही.

काही गोष्टी मंगळवारी राहून गेल्या, कापसामुळे. तुझा बाक कडक आहे, गादी घाल. शेजारी बसलेले ते आरशाला हात वर करणारे गृहस्थ निघाले. मी कोण हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी मला धीर दिला. ही डॉक्टर थांबते, घाबरू नका, असं मला, माझ्याच दवाखान्यात सांगितलं. मी आभार मानले. दुसरं काय करणार?

माझं मत बदललेलं नाही. तू हळू काम करतेस. अजूनही म्हणतो, एवढं थांबलं तर दिवस पुरायचा नाही. हे सगळ्यांना सांग, नाहीतर म्हातारा नरमला म्हणतील.

जागेचे कागद वकिलाकडे दिले आहेत, तुझ्या नावाने. सही करायला ये. शिष्याला मी स्वतः फोन करून सांगितलं. त्याने कारण विचारलं. मी सांगायला लागलो तर तो म्हणाला, एक मिनिट काका, रुग्ण खुर्चीत आहे. मी म्हटलं, त्याचा हात कुठे आहे ते आधी बघ, आणि फोन ठेवला. आता रागावला असेल.

आणि मावशींना एक सांग. पहिल्यांदा हात वर केला तेव्हा खरंच दुखलं होतं. तू थांबलीस, आणखी भूल दिलीस. दुसऱ्यांदा दुखत नव्हतं, मी नुसतं बघत होतो. तरी थांबलीस. दोन्ही वेळा मावशी माझ्या हाताशेजारीच उभ्या होत्या. मी वाट पाहत होतो, माझ्या शिकवणीची. त्यांनी हाताला बोट लावलं नाही. तिसऱ्यांदा, तुला खोटं वाटेल, माझ्या नाकाला खाज सुटली होती. तेवढ्यासाठीही तू यंत्र बंद केलंस, खोली शांत झाली आणि तुम्ही सगळ्या माझ्याकडे बघत उभ्या राहिलात. मी नाक खाजवलं. इतक्या सावकाश मी आयुष्यात कधी नाक खाजवलं नव्हतं.

सहीला येशील तेव्हा जेवूनच जा, आणि असाच हट्ट धरत राहा.

तुझा,
काका