पापडांच्या दुपारी बदललेली गोष्ट

आई, काल दुपारी तुझ्या नातीनं मला चांगलंच कोंडीत पकडलं. ती आता अकरा वर्षांची झालीय. तिला सुट्टीत काम दिलंय, आपल्या घरातल्या एका कर्तबगार बाईबद्दल पानभर लिहून आणायचं. काम देणारी बाई मीच. मे महिन्यात शिवाजी पेठेतल्या मुली जमवून मी वाचनाचा वर्ग घेते, थोर स्त्रियांची पुस्तकं वाचायला देते, वर असली कामंही देते, आणि माझीच लेक त्या वर्गात बसते. मग तक्रार कुणाकडं करणार? पेन्सिल चावत ती माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "तुझी आई काय करायची गं?" मी म्हटलं, घर सांभाळायची. "आणि?" मी म्हटलं, पापड फार सुरेख लाटायची. तिनं पेन्सिल खाली ठेवली. "पापडावर पान भरत न्हाय, आई," म्हणाली, आणि खेळायला निघून गेली. मी मात्र भाजी चिरता चिरता तिथंच बसून राहिले. तुझ्याबद्दल पानभर भरेल असं एक मला ठाऊक आहे, पण ते सांगायचं तर आधी माझं सांगावं लागतं, आणि ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुला तर नाहीच.

मी सहावीत जाणार होते त्या सुट्टीबद्दल बोलतेय. आमच्या वर्गाच्या बाईंनी शाळेचं कपाट उघडून आम्हा मुलींना पुस्तकं वाटली होती. घोड्यावर बसणाऱ्या राण्या, शाळा काढणाऱ्या विधवा, विमान चालवणारी कुणी एक. बाईंची अट एकच, पुस्तक मनात वाचायचं नाही, दुपारी घरच्या बायकांना मोठ्यानं वाचून दाखवायचं, आणि परत करताना त्या काय म्हणाल्या ते सांगायचं. "तुमच्या आयांचे हात दुपारी मोकळे नसतात, पण कान असतात," असं त्या म्हणायच्या. आणखी एक म्हणायच्या, ते मला जास्त लागलं होतं. "रडणाऱ्या मुलींच्या गोष्टी कुणी लिहीत नाही." मी तेव्हापासून रडणं सोडलंच होतं. आत्ती वेणी घालताना केस मुळापासून ओढायची, तरी मी हूं की चूं करायची नाही.

आत्ती म्हणजे आबांची थोरली बहीण. लवकर विधवा होऊन भावाकडं आली आणि आपल्या घराचा कारभार तिच्या हातात गेला, हे तुला काय सांगायचं. त्या दुपारी मला अजून लख्ख दिसतात. सोप्यात जुनं लुगडं अंथरलंय, आत्ती पीठ कुटून दोऱ्यानं लाट्या कापतेय, तू आणि समोरच्या घरातली चाची समोरासमोर पोळपाट घेऊन बसलाय. चाचीचा नवरा शिवणकाम करायचा, त्याच्या मशीनचा आवाज आपल्या घरात यायचा. मी उंबऱ्यावर. एका हातात पुस्तक, दुसऱ्या हातात तेलात बुडवलेली कच्ची लाटी. वाचताना मी लाटी तोंडात टाकली की आत्ती म्हणायची, "आधी गीळ, मग वाच. ती राणी काय पळून चालली न्हाय." तुम्ही तिघी पुस्तकातल्या बायकांशी गल्लीतल्या बायकांशी बोलावं तशा बोलायचा. लढाईला निघालेल्या राणीला चाची म्हणाली होती, "पोटात काय घालून जा की गं बाई." तू कमी बोलायचीस. पण तू ऐकायला लागलीस की तुझं लाटणं हळू व्हायचं, ते मला उंबऱ्यावरूनही कळायचं.

त्याच सुट्टीत चाचीची सून बाळंत झाली. सकाळी दहाच्या सुमारास एकदम कळा आल्या, तिचा नवरा आणि सासरा दोघंही बाहेर गेलेले, दवाखान्यात न्यायला वेळ नाही. दवाखान्यातल्या नर्सबाई धावत आल्या आणि त्यांच्या हाताखाली तू उभी राहिलीस. मूल पायाळू होतं म्हणे. सगळं नीट पार पडलं. नंतर नर्सबाई आपल्याकडं हात धुवायला आल्या आणि चुलीपाशी चहा पीत तुला म्हणाल्या, "तुमचा हात जराही थरथरला नाही. सातवी पास आहात ना? मिरजेला नर्सचं शिक्षण मिळतं. दीडेक वर्ष तिथंच राहायचं. पुढं दवाखान्यात घेतील. सोमवारपर्यंत मला सांगा, तुमचं नाव मी घालते." तू पदरानं तोंड पुसलंस आणि हसलीस. तुला तसं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. आबा संध्याकाळी कारखान्यातून आले तर तू त्यांना दारातच सांगितलंस. आपले आबा, जगाला वाटायचं कडक आहेत, ते बूट काढता काढता म्हणाले, "जा की मग. पोरीला आक्का बघंल." आत्तीला ते आक्का म्हणायचे. म्हणजे अडवणारं कुणी नव्हतं, आई. आत्तीनं दोन दिवस तोंड वाकडं केलं, पण तिलाही न्हाय म्हणवलं नाही.

अडवणारी मी होते. दुसऱ्या दिवशी तू भाकरी थापत होतीस, मी जवळ बसले होते. मान वर न करता तू विचारलंस, "मी मिरजेला गेले तर ऱ्हाशील का गं माझ्याबिगर?" तेव्हा मी तुझ्या गळ्यात पडून नको जाऊस म्हणायला पाहिजे होतं. नाहीतर मनापासून जा म्हणायला पाहिजे होतं. मी म्हटलं, "ऱ्हाईन की. मी काय बारीक हाय?" पुस्तकातल्या मुली असंच बोलायच्या. तू पिठाच्या हातानं माझी हनुवटी धरलीस. "शाणी माझी बाय," म्हणालीस. मी परड्यात जाऊन म्हशीच्या गव्हाणीमागं बसले. दीड वर्ष आत्तीच्या हाताखाली. दीड वर्ष रात्रीचं हात लांबवला की वाकळच लागणार. पण बोलून चुकले होते, आणि रडणाऱ्या मुलींच्या गोष्टी कुणी लिहीत नव्हतं.

नेमकं तेव्हा माझ्या हातात जे पुस्तक होतं, ते डॉक्टर होणाऱ्या बाईचं होतं. डोंगराकडच्या गावातली बाई, तान्ही नसली तरी लहानच लेक, तिला बहिणीकडं ठेवून ती लांबच्या शहरात शिकायला जाते. दोन दुपारी मी ते वाचलं. आत्ती चिडली होती, "लेकराला टाकून डाक्टर व्हऊन काय दिवे लावणार?" चाची म्हणाली, "टाकून कुठं, भनीकडंच ठेवलंय न्हवं?" दोघींची जुंपली. तुझं लाटणं जवळपास थांबलं होतं. "उद्या रविवार हाय. उद्या संपव," एवढंच म्हणालीस. सोमवारी नर्सबाईंना सांगायचं होतं.

रविवारी सकाळी मी माळ्यावर चढून शेवट आधीच वाचून घेतला. त्यात ती बाई डॉक्टर होऊन परत येते. लेक तिला ओळखत नाही, मावशीच्या मागं लपते. ती बाई पायरीवर बसून राहते. लेक आपणहून येऊन तिच्या मांडीत बसेपर्यंत ती उठत नाही. मग ती गावात दवाखाना काढते आणि ती लेक मोठी होऊन तिथंच काम करते. चांगला शेवट होता, आई. आज मी शिक्षिका म्हणून सांगते, फार चांगला शेवट होता. पण मला त्यातलं एकच दिसलं. लेक आईला ओळखत नाही.

दुपारी मी उंबऱ्यावर बसले आणि पुस्तकात बघत, पानं वेळच्या वेळी उलटत, वेगळंच वाचलं. लेकीला ताप भरला. ती आई-आई म्हणून बरळायला लागली. तार गेली, आणि ती बाई परीक्षा अर्धी टाकून परत आली, पुन्हा गेली नाही. एवढं सगळं मी न अडखळता वाचलं. चाचीनं डोळे पुसले. आत्ती म्हणाली, "मग? मी काय बोलत हुते?" तू विचारलंस, "आन् शिक्षण?" मी म्हटलं, राहिलं. "मग फुडं?" मी म्हटलं, पुढं काही नाही, संपलं. तू एक लाटी उचललीस, ती लाटलीस, सुपात टाकलीस, दुसरी उचललीस. संध्याकाळी दिवा लावल्यावर म्हणालीस, "दे बघू ते पुस्तक. शेवट जरा माझा मी वाचते." पुस्तक अंथरुणांच्या घडीत होतं. मी म्हटलं, मैत्रिणीकडं दिलं, ती बाईंना पोचवणार आहे. पहिलं खोटं निदान भीतीनं सुचलं होतं. हे दुसरं मी विचार करून बोलले.

सोमवारी नर्सबाई आल्या. तू दारातच उभी राहून सांगितलंस, "न्हाय जमायचं. पोर ल्हान हाय." त्या म्हणाल्या, पुढच्या वर्षी बघा. तू म्हणालीस, बघू. पुढच्या वर्षी त्यांची बदली झाली आणि कुणी काही बोललं नाही. शाळेत बाईंनी मला विचारलं, घरी काय म्हणाल्या? मी म्हटलं, आईला फार आवडलं. बाईंनी माझी पाठ थोपटली.

त्यानंतर तू माझ्याजवळ होतीस. वेणी तूच घातलीस. मला पहिल्यांदा पोटात दुखलं तेव्हा तू होतीस. रंकाळ्यावर आपण दोघी भडंग खात बसलेलो. गल्लीत कुणी अडली की तुला बोलावणं यायचं, तू हातातलं टाकून जायचीस, आणि बायका म्हणायच्या, "ह्यास्नी नर्स करायला पायजे हुतं." तू हसून म्हणायचीस, "माझं काय, मी घरातच बरी." तेव्हा मी उठून आत जायची. काहीतरी काम काढायची. तुला वाटत असेल, पोरगी कामसू आहे.

आणि मग ते झालं. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात होते. तू दवाखान्यात, पोट फुगलेलं, आवाज खोल गेलेला. डॉक्टरांनी आबांना बाजूला घेऊन सांगितलं होतं आणि आबांनी मला. मी तुला पेपर वाचून दाखवत होते. पेपरातला उसाचा भाव संपवून पान उलटलं तेव्हा तू मधेच म्हणालीस, "ती डाक्टर व्हणारी बाई हुती बघ, पुस्तकातली. तिची ती पोरगी बरी झाली का गं?" मला आधी कळेचना कुठली बाई. मग कळलं, आणि मी पेपरची घडी करून खाली ठेवली. इतकी वर्षं तू माझ्या खोट्या पोरीच्या खोट्या तापाची काळजी केलीस. खरं सांगायला ती शेवटची संधी होती, आणि वेळही होता, खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मी म्हटलं, "झाली की." तू म्हणालीस, "बरं झालं. मला मधनंच आठवायचं, त्यात लिवलंच नव्हतं." आणि डोळे मिटलेस. तू माझ्यावर कधी चिडली असतीस, एखादी थोबाडीत ठेवून दिली असतीस, तर मला आज इतकं जड गेलं नसतं.

आता माझ्या वर्गात मी सगळी पुस्तकं देते, फक्त ते एक देत नाही. कपाटात मागं सरकवून ठेवलंय. कुणी विचारलं तर फाटलंय म्हणते, तेही खोटंच. मुलींना सांगते की धीट व्हा, खरं बोला. रडणाऱ्या मुलींबद्दलचं बाईंचं ते वाक्य मात्र मी कधी म्हणत नाही. उलट एखादी रडवेली झाली तर तिला जवळ बसवून विचारते, काय झालं, सांग की. तेवढंच माझ्या हातून बरं होतं.

आज संध्याकाळी तुझ्या नातीला मी तुझं सांगणार आहे. चाचीच्या सुनेचं, पायाळू पोराचं, तुझा हात थरथरला नाही त्याचं, नर्सबाई काय म्हणाल्या त्याचं. मग ती विचारणारच, "आणि गेली का न्हाय?" तिथं मी काय सांगीन ते मला अजून ठाऊक नाही.

या पत्राला पाकीट मी आणलेलं नाही, तुला पाठवणार कुठं? माफी मागायला बसले होते, पण तुझ्याशी आता तरी खोटं नको. तू किती लवकर गेलीस, आई. मिरजेला गेली असतीस तर त्या थोडक्या वर्षांतलं दीड वर्ष माझं गेलं असतं. मी रोज पस्तावते, आणि तरी ती रविवारची दुपार मला परत मिळाली, तर मी पुन्हा तसंच वाचीन.