पदराआडचा डोळा

१४ नोव्हेंबर १९४६
डोळ्यांची साथ जोरात. आज एकवीस जण. डॉक्टर पंधरवड्यातून एकदा येतात, तोवर दवाखाना माझ्यावर. हुद्दा कंपौंडरचा; विद्या पुस्तके वाचून स्वतः मिळवलेली. प्रत्येकाची पापणी उलटून पाहिली. बोरिकच्या पाण्याने डोळे धुणे, जस्ताचे थेंब, फडके ज्याचे त्याला.
सायंकाळी चुलत वहिनी सुनेला, हौसाला, घेऊन आल्या. मी नात्याने सासरा, म्हणून ती दाराशीच, पदर हनुवटीपर्यंत. वहिनीच बोलल्या, "साऱ्या घराचं डोळं आल्यात, हिचंबी त्येच. बाटली द्या." दिली. वहीत नोंद: हौसा. डोळे आले. थेंब.

१८ नोव्हें.
त्या घरचे सगळे बरे, हौसा सोडून. दिवा लावला की कळवळते म्हणे. तसाच गेलो. "पदर काढ, पोरी."
वहिनी : "आवं भावजी, सासऱ्याम्होरं?"
"सासरा ओसरीवर ठेवून आलोय. काढ."
एकच डोळा. चिपडे नाहीत. लाली बुबुळाला खेटून, बुबुळावर तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका. त्या डोळ्याने तिला माझी बोटे मोजता येईनात.
"काय लागलं होतं का?"
"उसाचं पान. पाला काढताना. कुनी इचारलंच न्हाई."
एक डोळा, चिपडे नाहीत, उजेड सोसत नाही : ही साथ नव्हे. इतरांना हे मीच बजावत असतो. चार दिवस...

१९ नोव्हें. सांगली
पहिल्या मोटारीने हौसाला आणले. डोळ्यांचे डॉक्टर वयाने माझ्याहून लहान.
"बुबुळाची जखम चिघळली आहे. थेंब कुणी दिले?"
"मी."
"डोळा पाहून?"
"नाही."
त्यांनी बाहुली मोठी करणारे औषध घालून पट्टी बांधली. ठेवून घेतले. डाग राहणार, नजर किती राहील, सांगता येत नाही म्हणाले.

२२ नोव्हें. सांगली
हौसाचा नवरा शंकर पलटणीत. पुढल्या महिन्यात रजेवर येणार.
"मामंजी, त्यास्नी कागद लिवा." आता पदर डोक्यावरच. "डोळ्याचं काय लिवायचं त्ये तुमीच ठरवा."
लिहिले : उसाचे पान लागले. तिथेच थांबलो. एवढ्यावर भागले असते. खोटेही नव्हते.
पिशवीतून दवाखान्याची वही काढली. १४ तारखेची ओळ खोडली नाही, खाली लिहिले : डोळा पाहिला नव्हता. मग तेच पत्रात उतरवले, सही केली, हौसाला वाचून दाखवले.
तिने कागद घेऊन घडी घातली. मग म्हणाली, "टाका पेटीत."
टाकले. पट्टी उद्या सकाळी सोडणार. तिला मोजायला बोटे तुम्हीच धरा, असे डॉक्टर मला म्हणाले आहेत.