मिहिरच्या ई-रीडरवरचे चार टक्के

रविवार, संध्याकाळ

टॅबलेट की ई-रीडर, अजून ठरत नाहीये. स्वस्तातल्या टॅबलेटवर लिहिताही येईल, पण उन्हात स्क्रीन दिसत नाही. ई-रीडर अगदी कागदासारखा, पण त्यावर फक्त वाचायचं. म्हणून आज राम घाटावर मिहिरचा मागून घेतला. कॉलेजपासूनचा दोस्त. "देख ले आरामात," म्हणाला आणि चहा आणायला गेला.

यादीत माझी कादंबरी होती. मीच पाठवलेली. नावाखाली बारीक अक्षरात, किती वाचून झालं ते. चार टक्के. चार! आणि मला म्हणाला होता, "पूरी वाचली यार, शेवट तर जबरदस्त." कुठला शेवट?

तिच्याखाली केतकीची कथा. शंभर टक्के.

आमच्याच वर्गातली केतकी. सरळ-साधं लिहिणारी. मी प्रयोग करते, म्हणून चार टक्के?

नुसतं बघू म्हणून तिची उघडली. भैरवगढ़ला कापडावर ठप्पे मारणारी एक बाई, आणि तिचा निळा हात. बस, इतकंच. मिहिरने आणलेला चहा निवला तरी माझी मान वर नाही. शेवटी तो म्हणाला, "अगं, किती टेस्ट करशील? घरी जायचंय मला." कथा अर्ध्यात असतानाच ई-रीडर ओढून घेतला.

राहवलं नाही. केतकीला मेसेज केला, कथा पाठव ना. लगेच उत्तर आलं, "अगं, सगळ्यात आधी तुलाच तर पाठवली होती. छान आहे म्हणालीस की!"

म्हणाले होते. न उघडताच. चांगली निघाली तर, या भीतीने.